जुनी ठेवायची की नवी?

माझ्या पगारातून दरमहा टॅक्स किती कापायचा, या प्रश्नावर माझी बहीण कमल फोनवर ढसाढसा रडली. ती बावड्याला असते आणि तिला स्वतःला टॅक्स लागत नाही.

मी बारामतीच्या एमआयडीसीत दूध पावडरीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळतो आणि जळोचीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो. सुनंदा, माझी बायको, जाऊन काही वर्षं झाली. मुलगी प्राजक्ता लग्न होऊन नाशिकला गेली. सध्या माझ्याशी सगळ्यात नियमित बोलतो तो गॅस सिलिंडरचा नंबर लावल्यावर येणारा रेकॉर्ड केलेला आवाज. (त्या बाई फार अदबीनं बोलतात. मी शेवटपर्यंत ऐकून घेतो. मध्येच फोन ठेवणं बरं दिसत नाही.)

एप्रिल आला की आमच्या अकाउंट्समधली योगिता प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, टॅक्स जुन्या प्रणालीनं कापू का नव्या? जुन्या प्रणालीत विमा, घरकर्ज, मुलांची फी असं काय काय दाखवून सूट मिळवता येते. नवीत दर कमी, पण या सवलती जवळजवळ नाहीत. आपण जी निवडू तिच्या हिशेबानं दर महिन्याच्या पगाराला कात्री लागते.

आमच्याकडं हे खातं सुनंदाचं होतं. तिनं एकदा सांगितलं होतं, "जुनीच ठेवा." तेव्हा ते बरोबरही होतं. फ्लॅटचे हप्ते चालू होते, प्राजक्ताची कॉलेजची फी होती, माझ्या आईचा आजारपणाचा विमा होता. मग हप्ते फिटले, फी संपली, आई गेली. दरवर्षी एकेक सूट गळत गेली, तरी मी जुनीच ठेवत आलो. सुनंदानं सांगितलेल्या बाकी कुठल्याच गोष्टी मी पाळत नाही (ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, आमटीत दोनदा मीठ घालू नका). ही एक तेवढी पाळायची राहिली होती.

यंदा फॉर्म भरायला बसलो. अवलंबून असलेल्या व्यक्ती, निरंक. मुलांचं शिक्षण, निरंक. आई-वडिलांचा विमा, निरंक. खाली सरकत गेलो तसं वाटायला लागलं, सरकार मला टॅक्सचं विचारत नाहीये, भेटायला आलेल्या पाहुण्यासारखी घरातल्या एकेकाची चौकशी करतंय. शेवटी 'इतर' असा रकाना आला. इतर म्हणजे मीच होतो. फॉर्म मिटवून कपडे वाळत घालायला गॅलरीत गेलो.

तेवढ्यात योगिताचा फोन आला. हात ओले, म्हणून मी तो स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला. इथपासून पुढं जे झालं त्याला तो कठडा जबाबदार आहे. कारण कठड्याच्या पलीकडची गॅलरी रेहानाभाभींची.

"सर, तुमचं ठरलं का? जुनी का नवी?" योगितानं विचारलं.

"जुनीच राहू दे गं," मी म्हणालो. "इतक्या वर्षांची सवय आहे."

"सर, जुनीत आता तुमचं काही राहिलेलं नाही. एकट्या माणसाला नवीच बरी. आपल्याकडं सगळ्यांनी नवी केली. गायकवाड सरांनीसुद्धा."

"गायकवाडांनी? त्यांची तर रिटायरमेंट आली."

"म्हणून काय झालं? खूश आहेत ते. महिनाअखेरपर्यंत सांगा. नाही सांगितलं तर आपोआप नवी लागेल."

"अशी कशी आपोआप लागेल? माझी मर्जी नको? मी सुनंदाला शब्द दिलाय," असं म्हणून मी चिमटे घेऊन आत आलो.

रेहानाभाभींचं आणि सुनंदाचं सख्ख्या बहिणींसारखं होतं. त्यांच्या नवऱ्याचं टायरचं दुकान आहे. सुनंदा गेल्यापासून रविवारी त्यांच्याकडचं कालवण वाटीभर माझ्याकडं येतंच. कमलचा नंबर त्यांच्याकडं सुनंदाच्या दुखण्यापासून होता. तो त्यांनी त्या दुपारी लावला.

संध्याकाळी कमलचा फोन आला. एरवी ती चार-सहा महिन्यांतून एकदा फोन करते, तोही गावात कोण वारलं हे सांगायला.

"दादा, कळलं बरं का मला. जुनी-नवीचं."

मला आश्चर्य वाटलं, पण बरंही वाटलं. आपल्या टॅक्सची कुणाला तरी काळजी आहे. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगितलं कुनीतरी. माझं ऐकशील तर नवीच कर. लोक काय म्हनत्याल याचा इचार करू नगं."

"लोकांचा काय संबंध? पण कमे, नवीत सूट काही मिळत नाही."

"सूट कशाला पायजे या वयात?"

"तसं नाही गं. एवढं वर्ष जुनीवरच काढतो. पुढचं पुढं बघू."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, जुनी आता न्हाय रं. मान्य कर."

"बंद होणार होणार म्हणतात," मी म्हणालो, "पण अजून आहे. मी काल पाहिली."

तिथं ती रडायला लागली. मी गोंधळून गेलो. माझ्या टॅक्ससाठी आजवर मीसुद्धा कधी रडलो नव्हतो. तिची समजूत काढायला म्हणालो, "बरं, करतो विचार नवीचा. डोळे पूस." ती लगेच थांबली. इतक्या लगेच की मला संशय यायला हवा होता. म्हणाली, "मग रविवारी इंदापूरला ये. माझ्या नणंदेच्यात. घरभरनी हाय. इस्त्रीचा शर्ट घाल."

रविवारी एसटीनं इंदापूरला गेलो. नणंदेचं घर चांगलं पंधरा वर्षांपूर्वीचं होतं, भिंतींना पोपडे आलेले. म्हटलं, घरभरणी उशिरा करत असतील. जयभीम घालून आत गेलो, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली कमलचे यजमान, आमचे दाजी, आणि नणंदेच्या घरची माणसं रांगेनं बसली होती. समोरच्या खुर्चीवर पन्नाशीच्या आसपासच्या एक बाई होत्या, फिकट निळ्या साडीतल्या. "या वंदना मॅडम," दाजी म्हणाले. "हितंच शाळंवर हायत." मी त्यांनाही नमस्कार केला. कमलनं माझ्या हातात पोह्यांची बशी दिली आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

दाजींनी घसा खाकरला. "तर, जुनीचं दुक्ख सगळ्यास्नी हाय. पर मानसानं नवीचाबी इचार करावा. तुमचं मत काय?"

घरभरणीच्या कार्यक्रमात माझ्या टॅक्सवर चर्चा ठेवलीय हे बघून मी भारावलो. बऱ्याच दिवसांत माझं मत कुणी विचारलं नव्हतं. कारखान्यात मशीन आकडा दाखवतं आणि मी सही करतो. तेव्हा मी बशी खाली ठेवली आणि सविस्तर बोलायला लागलो.

"त्याचं असं आहे दाजी, नवी दिसायला स्वस्त आहे. पण जुनी कितीही महाग पडली तरी तिच्यात आपण एवढी वर्षं काही ना काही गुंतवलेलं असतं."

"व्हय, ते बराबर," दाजी म्हणाले.

"आणि एक लक्षात घ्या, आज नवी घेतली म्हणून जन्मभर तिच्याशी बांधलं जातं असं काही नाही. नोकरदाराला दरवर्षी बदलता येते."

नणंदेच्या सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"यंदा नवी, पटली नाही तर पुढल्या एप्रिलला परत जुनी," मी समजावून सांगितलं. "आमच्या गायकवाडांनी तीन वर्षांत दोनदा बदलली."

"दरवर्षी?" दाजी खुर्चीतून उठले. "अवो, काय बोलताय? मॅडम बसल्यात समोर."

मी मॅडमकडं पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, ह्यापण रडतायत. पण त्या हसत होत्या. डोळ्यांतलं पाणी पुसत त्या म्हणाल्या, "अहो, बसा. ते इन्कम टॅक्सचं बोलतायत."

मी कमलकडं पाहिलं, कमलनं माझ्याकडं पाहिलं. मग मी निळी साडी पाहिली, पोहे पाहिले, माझा इस्त्रीचा शर्ट पाहिला. सगळा हिशेब एका दमात जुळला. कानशिलं तापली. पोह्यांची बशी उचलून मी त्यात तोंड घातलं.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "आता आलेच हायत तर बोलू द्या दोघांना." आणि सगळे उठून बाहेर गेले. दार मात्र कुणीतरी बोटभर उघडं ठेवलं.

"मला बारसं आहे म्हणून आणलंय," मॅडम म्हणाल्या.

"मला घरभरणी."

"तुमचं बरं होतं. मी झबलं-टोपडं घेऊन आलेय." त्यांनी पिशवी दाखवली. मग सहज विचारलं, "पण खरंच, जुनी का ठेवताय? सूट दाखवायला काही आहे का?"

"काही नाही. सगळे रकाने रिकामे."

"माझेही. मिस्टर गेल्यावर पहिल्या वर्षी मीही जुनीच ठेवली होती. बदलायला हात होईना." त्या पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होत्या. "फॉर्म भरताना वाटतं, कुणीतरी मुद्दाम विचारतंय."

हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. मी घाईघाईनं विचारलं, "कापतात का तुमचं बरंच?"

मग त्यांनी मला नीट सांगितलं. की कंपनीत जुनी कळवून जास्त कपात झाली, तरी रिटर्न भरताना नवी निवडता येते आणि जादा कापलेलं परत मिळतं. मी शंका विचारल्या, त्यांनी त्या फोडून सांगितल्या. अर्धा तास गेला. दाराच्या फटीतून दिसणारा कमलचा डोळा आधी आशेनं, मग काळजीनं आणि शेवटी कंटाळून निघून गेला.

निघताना त्या स्पष्टच म्हणाल्या, "मला लग्नबिग्न काही करायचं नाही. राग नका मानू."

"मलाही नाही," मी म्हणालो. दोघांनाही हायसं वाटलं. त्यांना थोडं जास्त वाटलं असावं.

स्टँडवर सोडायला आलेल्या कमलनं विचारलं, "काय बोललात एवढं?"

"टीडीएसवर."

तिनं कपाळाला हात लावला. एसटी हलायला लागली तेव्हा मात्र खिडकीपाशी येऊन म्हणाली, "भाभींनी सांगितलं, तू एकटाच बोलत असतूस घरात. म्हनून केलं रं." मी म्हणालो, "फोनवर होतो तेव्हा." पण बारामती येईपर्यंत आठवत राहिलो, बाकीच्या वेळी कुणाशी बोलत असतो ते.

जुनी मी योगिताला कळवलीच. शब्द तो शब्द. वर्षभर पगार कापून आला. पण रिटर्न भरताना, अडलं तर विचारा म्हणून मॅडमनी दिलेल्या नंबरवर फोन लावला आणि त्यांनी सांगितलं तसं एकेक बटण दाबत नवीवर गेलो. सुनंदाच्या फोटोकडं न बघता गेलो. पैसे सगळे परत आले. आभार मानायला पुन्हा फोन केला. मग व्याजावरच्या टॅक्सची एक शंका आली, म्हणून पुढच्या रविवारी केला. त्याच्या पुढच्या रविवारी शेअर्सवरच्या टॅक्सचं विचारलं. माझ्याकडं एकही शेअर नाही. मग घर विकल्यावर किती लागतो ते विचारलं.

"घर विकताय?" त्यांनी विचारलं.

"नाही, माहिती असलेली बरी."

मग शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "आता शेतीचं उत्पन्न तेवढं राहिलंय. ते पुढच्या रविवारी विचारा."

शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नसतो हे बावड्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि मी बावड्यातच जन्मलोय. आज रविवार आहे. सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलोय आणि त्या न लागणाऱ्या टॅक्सबद्दल निदान अर्धा तास पुरतील इतक्या शंका काढतोय.