गमछ्याची गाठ

आमच्या विनोदी मालिकेच्या लेखकांना प्रेक्षकांनी प्रश्न विचारायचे, असा कार्यक्रम अंबडला होता. "पात्रं कुठं सापडतात?" कुणीतरी विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "इथल्याच बसस्टँडवर. एक म्हातारा आठवण राहावी म्हणून गमछ्याला गाठी मारत होता. त्याचाच आम्ही विसरभोळा आजोबा केला."

सभागृह हसलं. मागच्या रांगेतून एक जण उठला. तोच म्हातारा होता. खांद्यावर गमछा होता, पण त्याला एकही गाठ नव्हती. बोटं मात्र त्याचं टोक चाचपत होती.

"तुमचा भाग पाह्यला. तवापासून मी गाठ मारली की लोक हसून राह्यले, म्हून सोडलं. बायकोच्या गोळ्या दोनदा इसरलो. एकच इचारतो साहेब, ती गाठ कशाची होती, हे इचारावं वाटलं न्हाई का तुमाला?"

लोक पुन्हा हसले. त्यांना वाटलं, हेही आम्हीच लिहून आणलंय.

त्यानं माझ्या उत्तराची जरा वाट पाहिली. मग सगळ्यांदेखत गमछ्याला करकचून गाठ मारली.

"उत्तर राह्यलं," म्हणाला आणि खाली बसला.