आहेर बाई दोऱ्या बघायच्या

आहेर बाई भर रस्त्यात उभ्या राहून लोकांच्या गॅलऱ्यांकडे टक लावून बघायच्या. मी त्यांना पहिल्यांदा असं पाहिलं ते नाशिकमध्ये, द्वारका चौकाच्या पुढच्या एका नव्या कॉलनीत. कडक ऊन, डोक्यावर पदर आणि मान वर. आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायला नुकत्याच रुजू झाल्या होत्या.

"काही हरवलंय का बाई?" मी विचारलं.

"नाही हो पगारे बाई. दोऱ्या बघतेय. कुठे कपडे वाळत घातलेत, कुठे नाही."

बाई जरा चक्रम दिसतेय, असं मला वाटलं. तेवढंच वाटत राहिलं असतं तर माझी पुढची कितीतरी वर्षं सुखात गेली असती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही द्वारकेजवळ दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई. हे सातपूरच्या कारखान्यातून थकून यायचे, पण पेपरातली शनिवारची घरांची पुरवणी मोठ्याने वाचल्याशिवाय जेवायचे नाहीत. नाशिक कसं बदलतंय, कुंभमेळ्याआधी भाव कसे आणखी चढणार, आज घेतलं नाही तर पुन्हा कधीच कसं मिळणार नाही. आमच्याकडे कपड्यांच्या कपाटापासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळं ह्यांच्या मताने ठरायचं. घर मात्र माझ्या मताने घ्यायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. शाळेची वेळ सोडली तर दिवसभर त्यात मीच वावरणार होते.

अशात मीच माझ्या हाताने आहेर बाईंना घरी चहाला बोलावलं. ह्यांनी पुरवणी वाचून दाखवली, तशा त्या हसल्या.

"भाऊ, माझे वडील देवळ्याला कांदा पिकवायचे. बाजारात शंभर ट्रॅक्टर उभे असले तर त्यातल्या सगळ्यात चांगल्या ट्रॅक्टरचा भाव पेपरात छापून यायचा. घरी आई पेपर वाचून खूश, आणि वडील तोंड पाडून यायचे. भाव खोटा नव्हता हो. पण तो ट्रॅक्टर आपला नव्हता."

"मग आपला ट्रॅक्टर ओळखायचा कसा?" ह्यांनी पुढे सरकत विचारलं. माझ्याशी बोलताना हे कधी असे पुढे सरकले नव्हते.

"दोऱ्या बघायच्या. घरं विकली जाणं वेगळं आणि लोक राहायला येणं वेगळं. शाळेचे गणवेश दिसले, लंगोट दिसले, की समजायचं इथे पाणी येतंय, रिक्षा येतेय, रात्री बाईमाणसाला भीती नाही. माणूस राहील तिथेच भाव टिकेल."

त्या दिवसापासून आमच्या घरात माझी पंचाईत झाली. "आहेर बाईंना विचारलंस का?" हे वाक्य भाजीत मीठ पडावं तसं रोज पडू लागलं. एकदा तर गॅस कंपनी बदलताना विचारलं! त्या दिसायला माझ्यापेक्षा उजव्या नव्हत्या, माझ्यासारख्याच बी.एड. झालेल्या होत्या. नवरा लग्नानंतर लवकरच गेला होता, मूलबाळ नव्हतं. एकट्या बाईला काय, हिंडायला वेळच वेळ, असं मी स्वतःला समजवायची. पण ह्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्या बोलण्याने जे कौतुक पसरायचं, त्याने माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

गंगापूर रोडला, वस्ती संपते त्याच्याही पुढे, मी एक फ्लॅट शोधून काढला होता. तिसरा मजला. स्वयंपाकघराला एवढी मोठी खिडकी, आणि ओट्यापाशी उभं राहिलं की समोर द्राक्षाचा मळा. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात पोळ्यासुद्धा लाटल्या. पुरवणीतही त्या भागाचं नाव सतत येत होतं. ह्यांनी बघायला येताना अर्थातच आहेर बाईंना बरोबर आणलं.

बाई वर आल्याच नाहीत. खाली उभ्या राहून त्यांनी तिथल्या तिन्ही इमारतींवर नजर फिरवली. तळमजल्यावर एक बाई भांडी घासत होती, तिच्याशी काहीतरी बोलल्या. आम्ही उतरलो तेव्हा स्वतःशीच पुटपुटत होत्या, "अठे काहीच नही शे." पार हिरमुसल्या की त्यांच्या तोंडी अहिराणी यायची. मग आम्हाला म्हणाल्या, "तिन्ही इमारतींत मिळून चार घरांत कपडे आहेत. पाणी टँकरचं. आत्ता नको. घाई करू नका."

"पण खिडकी बघा तरी!" मी म्हणाले.

"खिडकी छानच असणार हो. पण खिडकीतून पाणी भरता येत नाही."

हे हसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई म्हणतात तर नकोच."

आम्ही इंदिरानगरला घर घेतलं. बाईंनीच दाखवलेलं. सगळ्या दोऱ्या गच्च भरलेल्या. पाणी चोख, भाजी दारात, शाळा चालत अंतरावर. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मात्र शेजाऱ्यांच्या मोरीचा पाइप दिसतो. पुढे पुरवण्यांमधला उत्साह ओसरला. लांब घरं घेऊन बसलेल्या आमच्या दोन शिक्षकांना गिऱ्हाईक मिळेना. बाई बरोबर निघाल्या, आणि हेच मला सगळ्यात जास्त खुपलं. चुकल्या असत्या तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं.

कुंभमेळा होऊन गेला, रस्ते झाले, नळ आले. एक दिवस शाळेत आहेर बाईंनी पेढे वाटले. घर घेतलं होतं. कुठे, तर गंगापूर रोडच्या त्याच इमारतीत, तोच तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट!

"आता दोऱ्या भरल्यात, पगारे बाई," त्या आनंदाने म्हणाल्या. "आणि तुम्ही म्हणत होतात ती खिडकी खरंच फार सुंदर आहे."

पेढा मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. वास्तुशांतीला हे मुलांना घेऊन गेले, मी डोकेदुखीचं निमित्त केलं. पुढेही कधी त्या घरी गेले नाही. माझ्या खिडकीत दुसरं कुणी उभं राहिलेलं मला बघायचं नव्हतं.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत बाई गेल्या. झोपेतच. देवळ्याहून त्यांची भाची आली. घर विकायचं होतं, आणि बाहेरच्याला द्यायच्या आधी तिने आम्हाला विचारलं. "मावशी म्हणायची, पगारे बाईंचा डोळा आहे त्या घरावर," ती म्हणाली. इतकी वर्षं मी लपवलं असं मला वाटत होतं.

आम्ही दोघं घर बघायला गेलो. खिडकी तशीच होती. मळा निम्मा उरला होता, तरी दिसत होता. सवयीने नव्हे, पण कसं कोण जाणे, मी गॅलरीत जाऊन दोरी बघितली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चांगली लांब, निळी, नायलॉनची दोरी. तिच्या एका टोकाला चार चिमटे. बाकीच्या दोरीला कधी काही टांगलेलंच नव्हतं. ती अजून नव्यासारखी चकचकत होती.

जन्मभर ही बाई लोकांच्या भरलेल्या दोऱ्या बघत हिंडली आणि आम्हाला तसंच घर घेऊन दिलं. आमच्या गॅलरीत तर चादर वाळत घालायला जागा मिळत नाही, म्हणून मी रोज कुरकुरते.

हे मागे येऊन उभे राहिले. "काय करायचं?" ह्यांनी विचारलं. "या वेळी तू म्हणशील तसं."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा, आहेर बाईंना विचारू."