साडभाऊ आणि माझा उजवा गुडघा

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात कुठल्याच दोरावर विश्वास न ठेवणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका साडभाऊ म्हणून माझ्या वाट्याला आला. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. विहिरी खोदायची यारी त्याच्या मालकीची. तारेच्या दोरानं माणसं खाली सोडायची आणि दगड वर काढायचे, हा तीस वर्षांचा धंदा. त्यामुळे दोर दिसला की तो आधी ओढून बघतो, मग रामराम घालतो. लग्नात मांडवाचे सगळे दोर तपासल्याशिवाय पंगतीला बसत नाही. माझ्या पुतणीच्या बाळाचं बारसं होतं. पाळणा सजला, बायका गाणं म्हणायला उभ्या राहिल्या, आणि हा पोत्यासारखा माणूस पाळण्याच्या दोरांना लोंबकळलेला. "लेकरू टाकाच्या आधी मले टाकून पाह्यतो," म्हणाला. वरच्या कडीजवळची अर्धी माती बाळाच्या आत्याच्या नव्या साडीवर आली. त्याच्या खिशात कायम वीतभर तारेच्या दोराचा एक जुना तुकडा असतो. कशाचा म्हणून विचारलं तर "कामाचा हाय" एवढंच सांगतो.

अशा माणसाच्या तावडीत माझा गुडघा सापडला.

मी जुने ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रं घेतो-विकतो. बापानं काही ठेवलं नव्हतं. जे आहे ते जिभेवर आणि पायावर कमावलेलं आहे. पायावर असं, की माझा सगळा धंदा एका वळण्यावर चालतो. भाव पटला नाही की मी उठतो, गर्रकन वळतो आणि चालू लागतो. सातव्या-आठव्या पावलाला मागून हाक येते. नववं पाऊल मला आजवर कोणी टाकू दिलेलं नाही. लोकांना वाटतं मी नाटक करतो. राग खरा असतो, म्हणून तर हाक येते.

त्या पावसाळ्यात वाशीमला एका थ्रेशरचा सौदा चालला होता. समोरचा फारच ताणत होता. मी उठलो आणि वळलो. अंग वळलं, पण पाय काळ्या चिखलात रुतलेला, तो जागचा हलला नाही. गुडघ्यात "कट्ट" असा आवाज आला, तो थ्रेशरवाल्यानंही ऐकला. मी खाली बसलो. हाक आली, पण ती भावासाठी नव्हती.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत तिरका बांधून ठेवणारा एक दोर असतो, तो तुटला. डॉक्टर "दोर" म्हणाले आणि कोपऱ्यात बसलेला साडभाऊ खुर्ची ओढत थेट टेबलापाशी आला. पुढचा अर्धा तास मी पेशंट नव्हतोच.

"कोनी ढकललं नाई, पडला नाई, तरी तुटला कसा?" त्यानं विचारलं.

"पाय रोवलेला आणि वरचं शरीर वळलं. सरळ ताण हा दोर पुष्कळ सहन करतो, पण असा पीळ बसला की जातो."

"आमचाबी तसाच जाते!" साडभाऊनं टेबलावर थाप मारली. सख्खा भाऊ भेटल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

मांडीच्या मागच्या बाजूचा स्नायूबंध काढायचा, चौपदरी करायचा, दोन्ही हाडांत भोकं पाडून त्यातून ओवायचा आणि दोन टोकं पक्की करायची, असं ऑपरेशन ठरलं. नवा दोर बसवण्याआधी ताणून ठेवता का, नाहीतर तो मागाहून ढिला पडतो, असं साडभाऊनं विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, ठेवतो. भोकाच्या काठावर दोर घासणार नाही ना? कोन बघूनच भोक पाडतो, म्हणाले. त्यानं तो कोन कागदावर काढून घेतला, चष्मा लावून तपासला आणि मंजूर केला. माझं मत कोणी विचारलं नाही. गुडघा माझा होता.

ऑपरेशन नीट झालं. माझ्या हाताला काठी आली, आणि घरी रोज साडभाऊ. त्यानं दोन लाकडं नायलॉनच्या दोरीनं जोडून गुडघा तयार केला आणि आमच्या बैठकीत टांगला. मला भेटायला येणारी माणसं माझ्याऐवजी त्याला भेटून जाऊ लागली. मी वैतागून बायकोला म्हटलं, तर ती म्हणाली, "भाऊजी सांगतात थे समजते तरी. तुमी निरं कन्हता."

तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबलं. मी घरात काठी टाकून दिली. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, की बरं वाटायला लागतं तेव्हाच हा दोर सगळ्यात कच्चा असतो. काढून बसवलेल्या दोरात रक्त पुन्हा खेळायचं असतं, तो नव्यानं जिवंत व्हायचा असतो. मी ते कानाआड केलं. साडभाऊनं केलं नाही.

आता माझी खरी तक्रार. वाशीमजवळच्या मालेगावला एक ट्रॅक्टर विकायला निघाला होता, तीन वर्षांचा, एकाच मालकाच्या हातचा. सौदा रंगला. मालक शेवटच्या आकड्यावर अडला होता. त्याच्या डोळ्यांतून मला दिसत होतं की आता फक्त एक वळणं हवं. मी उठलो. तेवढ्यात सोबत आलेल्या साडभाऊनं सगळ्यांदेखत माझी कंबर दोन्ही हातांनी धरली.

"वळू नको! दोर कच्चा हाय!"

"सोडा मले, सौदा चालू हाय!"

"मालक," तो ट्रॅक्टरवाल्याकडे वळून म्हणाला, "हा कुठी जात नाई. याले सालभर वळाची मनाई हाय. तुमी आरामात चहा प्या."

मालकानं खरोखर चहा मागवला आणि भावातला एक रुपयाही सोडला नाही. मी वीस वर्षांत पहिल्यांदा हाक न येता परत आलो, तेही साडभाऊच्या खांद्यावर हात ठेवून. घरी पोचल्यावर तो हात काढला आणि पुढं सहा महिने त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र यायचा, गुडघ्याकडे बघायचा, बायकोच्या हातचा चहा प्यायचा आणि जायचा.

वर्ष भरत आलं. डॉक्टरांनी मला एका पायावर उभं केलं, उड्या मारायला लावल्या आणि मोकळं केलं. एकच अट घातली: वळताना आधी पाऊल फिरवायचं, मग अंग. त्याच आठवड्यात बायको म्हणाली, "भाऊजी यारी इकून राह्यले. इंझोरीले गिऱ्हाईक येनार हाय. त्याईले भाव करता येत नाई."

मी गेलो. बोअरच्या जमान्यात विहिरी कोण खोदतो? यारी एका शेताच्या बांधावर उभी होती आणि साडभाऊ तिचा दोर पुसत होता. गिऱ्हाईक यायचं होतं. मी जवळ बसलो, तर त्यानं न विचारता खिशातला तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"हा दोर नवा दिसे. चकचकीत. मी ओढून नाई पाह्यला. माहा लहाना भाऊ पानी प्याले म्हनून टोपल्यातून उतरला, अन् दोर तुटून रिकामं टोपलं खाली गेलं." मग म्हणाला, "चांगला दिसनारा दोर लय वाईट, बापा."

मी तो तुकडा दोन्ही हातांनी ओढून बघितला आणि त्याला परत दिला.

गिऱ्हाईक आलं. लोखंडाच्या भावानं मागू लागलं. तीस वर्षांच्या यारीला भंगार म्हटलं तेव्हा माझं टाळकं फिरलं. मी उठलो. आधी पाऊल फिरवलं, मग अंग, आणि चालू लागलो. सहा. सात. आठव्याला हाक आली.

मागं बघितलं. गिऱ्हाईक हातवारे करत होतं. साडभाऊ माझ्या गुडघ्याकडे बघत होता.

"बराबर," म्हणाला. यारीच्या भावाचं त्याला काही पडलंच नव्हतं.

यारी गेली. आता साडभाऊला काम नाही. दुपारी आमच्याकडे येतो, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी ओढून बघतो आणि ढिली आहे म्हणून सांगतो. मग मी मालेगावच्या ट्रॅक्टरचा विषय काढतो. तो म्हणतो, "इंजन खराबच होतं त्याचं." मी चिडतो, उठतो, आधी पाऊल, मग अंग, आणि दाराबाहेर जातो.

तो हाक मारत नाही. मी अंगणात आठ पावलं मोजतो, आणि चहा निवायच्या आत परत येऊन त्याच्याजवळ बसतो.