पाच ओळी आणि खाली ‘अडलेलं’

आधी नाव लिहिते, मग काय झालं ते. मला कागद वाचायला शिकवलं ते कुमुदबायनी. धारगळला हमरस्ता सोडून आत गेलं की फणसाखाली त्यांचं घर आहे. सहा वर्षं मी त्या घरात स्वयंपाकाला राहिले, आणि पाच आठवड्यांपूर्वी त्या गेल्या. सकाळी पोदेराचा भोंगा ऐकून मी पाव घ्यायला फाटकापर्यंत गेले, परत येऊन चहा गाळला, हाक मारली... उत्तर आलं नाही. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटतं. पण त्यांच्या नावावर एक चूक राहून गेली आहे आणि ती त्यांची नव्हती. ते सांगायचं म्हणून मी हे लिहायला बसले. सातवीत शाळा सुटलेली बाई मी, लिहिण्यात काही मागेपुढे झालं तर समजून घ्यावं.

माझं गाव वैभववाडीकडे, घाटाच्या पायथ्याला. नवरा सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकवर होता म्हणून मी गोव्यात आले. तिथलं काम थांबलं तेव्हा तो दुसऱ्याची गाडी घेऊन कर्नाटकात गेला आणि मला कुणीतरी कुमुदबायकडे आणून सोडलं. त्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. तिथे त्यांचं काम एकच, गोषवारा करण्याचं. मासेमारीची फाईल असो, खाणीची असो, जंगलाची नाहीतर इस्पितळाची, ती वाचायची आणि साहेबापुढे एका पानात ठेवायची. निवृत्तीनंतर पेडण्या-डिचोलीची माणसं आपले कागद घेऊन घरी यायला लागली. बहुतेक कागद इंग्रजीत, आणि माणसांना तर एवढंच हवं असतं की आपल्याला आता काय करायला सांगितलंय. पण मी गेले तोवर बायचे डोळे अधू झाले होते. अंगणाच्या कडेला बसलेला कावळा त्यांना दिसायचा, समोर धरलेलं अक्षर दिसायचं नाही. नजरेच्या मधोमधच काळा ठिपका.

एक दिवस मला पोळपाटावरून उठवून त्यांनी समोर बसवलं आणि हातात कागद दिला. इंग्रजी. मी म्हटलं, “बाय, मला अक्षरं जुळवता येतात, अर्थ नाही कळत.” त्या म्हणाल्या, “तुका कळूक नाय तरी चलात. तू वाच गो, मी आयकतंय.” तेव्हापासून मी वाचायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या, मग सांगायच्या आणि मी मराठीत लिहायची. पाच ओळी. कोण म्हणतंय, कोणाला, काय करायचं, कुठे, कधीपर्यंत. खाली त्यांची सही. काजूच्या रोगाचं पत्रक, सोसायटीचा ठराव, मोरजीच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात त्या दिवसांत दिवे लावू नयेत अशी नोटीस, कुणाच्या आज्याचा पोर्तुगीज काळातला घराचा कागद... तो मी इंग्रजीसारखाच वाचला, तर बाय पोट धरून हसल्या. “असा पोर्तुगेज पोर्तुगालात पण कोणी आयकूक नाय!” कासवांच्या गोषवाऱ्यात मी आपल्या मनाने ‘बिचारी कासवं’ लिहिलं होतं. वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, “‘बिचारी’ खंय लिवला आसा? कागदात नाय ता आपल्या पदरचा घालू नको.” पदरचं घालायचं नाही हे मी लगेच शिकले. गाळायचं नाही, हे शिकायला वेळ लागला.

लाज वाटायची, खरं सांगते. एखादा लांबलचक शब्द आला की जीभ वळायची नाही, आणि वाटायचं, ह्या म्हणतील हिला एवढंही येत नाही, दुसरी कुणी बघूया. मग मी कुठे राहणार होते? म्हणून कठीण शब्द हळूच ओलांडायची. बारीक टाईप असला तर सबंध ओळ. त्यांना दिसत नव्हतं, आणि मी तेच धरून चालले होते.

सुर्ल्याचे पांडुरंगमाम एक नोटीस घेऊन आले. त्यांच्या काजूच्या बागेतून खनिजाच्या गाड्यांसाठी रस्ता काढायचा होता, त्याची सुनावणी होती. मी वाचली, बायनी सांगितलं, मी लिहिलं. अमुक तारखेला कचेरीत हजर राहून हरकत सांगावी. पांडुरंगमामना वाचता येत नाही. त्यांनी पाच ओळी माझ्याकडून दोनदा ऐकल्या, धुतलेला शर्ट घालून त्या तारखेला गेले, आणि तिथे त्यांना सांगितलं की हरकत आधी लेखी द्यायची होती, तोंडी ऐकणार नाही. ते नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात होतं. त्या चार ओळी मी वाचल्याच नव्हत्या.

ही बातमी आली तेव्हा बायनी मला घरी ठेवलेली त्या नोटिशीची प्रत बाहेर काढायला लावली. “शेवटापर्यंत वाच.” मी वाचली. दुसऱ्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून दोन बस बदलून सुर्ल्याला गेल्या. पांडुरंगमाम घरापुढच्या खळ्यात उभे होते. बाय म्हणाल्या, “पांडुरंगा, कागद माझ्याकडे इलो, चूक माजी.” ते म्हणाले, “बाय, तुमका दिसणा नाय ह्या सगळ्या गावाक म्हायत आसा. मगे लोकांचे कागद घेतास कित्याक?”

मी शेजारीच उभी होते. तोंड उघडलं नाही.

येताना बसमध्ये मी रडत म्हटलं, “बाय, गाळलं मी.” त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, “गाळलंस तू. पण खाली सही कोणाची?” घरी आल्यावर नवा नियम झाला. जिथे जीभ अडेल तिथे थांबायचं आणि तसं सांगायचं. दोघींनाही उलगडलं नाही तर पाच ओळींखाली ‘अडलेलं’ असं लिहून ते नोंदवायचं, म्हणजे ज्याचा कागद तो कचेरीत जाऊन विचारील. मला त्यांनी कामावरून काढलं नाही. उशिरा लेखी अर्जही करून पाहिला, पण बागेतून रस्ता गेला तो गेलाच. पांडुरंगमामची विहीर रस्त्यापलीकडे राहिली. त्यांची बायको कळशी घेऊन गाड्या थांबायची वाट बघत उभी असते, असं ऐकते. बायला आता दिसत नाही, त्या काहीबाही सांगतात, असं लोक बोलायला लागले आणि येणारे कागद निम्म्यावर आले. चूक माझी होती हे बायनी कधी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी त्यांचं पोट दुखायला लागलं. पुण्याचा भाचा येऊन त्यांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. परत आल्यावर मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाला, “रिपोर्ट कपाटात ठेवलाय. मावशीला वाचून दाखवायचा नाही.” माझं राहणं आता त्याच्याच हातात होतं. मी मान डोलावली. तो निघून गेला. दुपारी जेवण झाल्यावर बाय खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “तो कागद हाड गो.” मी कपाटाकडे न जाता उभीच राहिले. “हाड म्हटलंय.”

मी वाचायला लागले. पहिलं पान नेहमीसारखं, नुसते आवाज. दुसऱ्या पानावर एक शब्द आला, तो मी दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनींच्या कागदात वाचला होता. त्या वहिनी आता नाहीत. मी थांबले.

“थांबलंस कित्याक? अडला?”

“नाही बाय. अडलं नाही... कळलं.”

मग त्या म्हणाल्या, “मगे आज तूच सांग. पाच ओळी.” वहिनींच्या कागदातले बाकीचे शब्दही पुढे तेच होते, म्हणून मला सांगता आल्या. आजार यकृतातून फुप्फुसात गेलाय. शस्त्रक्रिया करणार नाहीत. दुखण्यावर गोळ्या देतील. घरीच ठेवायला सांगितलंय. एवढं सांगून मी कागद मांडीवर ठेवला. त्या म्हणाल्या, “तारीख रवली गो. परत कधी बोलावलेला आसा?” मी तारीख वाचली. “आता लिही. आणि खाली ‘अडलेलं’ लिही.” मी लिहिलं आणि वाट बघत राहिले. त्या म्हणाल्या, “किती दिवस.”

मी तेही लिहिलं. त्यांनी चाचपडत जागा शोधली आणि सही केली. भाचा पुढच्या खेपेला आला, त्याने तो कागद पाहिला आणि माझ्याकडे वळला. बाय आतून म्हणाल्या, “तिका काय बोलू नको. मीच तिका वाचूक लावलंय.” पुन्हा त्यांनीच सगळं आपल्या अंगावर घेतलं. त्या गेल्यावर घराचं ठरेपर्यंत तू इथेच राहा, असं तोच मला म्हणाला.

अजून कुणीकुणी कागद घेऊन येतं. बाय गेल्याचं सांगितलं की कागद हातात तसाच धरून उभं राहतं. मग मी बायची रिकामी खुर्ची पुसते, समोरच्या पाटावर बसते आणि मोठ्याने वाचते. मनातल्या मनात वाचायला मला जमतच नाही. माझ्या पानांवर गोषवारा तीन ओळींचा असतो आणि ‘अडलेलं’ पानभर.

हा लेख छापून येईल तेव्हा पांडुरंगमामना तो वाचता येणार नाही. दुसऱ्या कुणी वाचून दाखवला तर तो काय ठेवील आणि काय गाळील, मला ठाऊक नाही. म्हणून वर्तमानपत्राची ती पुरवणी घेऊन मलाच सुर्ल्याला जावं लागणार. अजून धीर होत नाही. दोनदा बसथांब्यापर्यंत जाऊन परत आले. पण बाय, मी जाईन. त्यांच्या खळ्यात बसून पहिल्या ओळीपासून सगळं वाचीन, आणि ती चूक तुमच्या नावावरून काढून माझ्या नावावर लावून घेईन.