उपाशीपोटी खरं बोला

आहारशास्त्र शिकले तेव्हा वाटलं होतं, लोकांनी काय खावं ते सांगायचं काम असेल. निघालं भलतंच. लोकांनी काय खाल्लं आणि त्यातलं काय लपवलं, हे शोधण्यात माझी दोन वर्षं गेली आहेत.

पनवेलच्या आमच्या मधुमेहाच्या दवाखान्यात एक संशोधन चालू आहे. जेवताना आधी भाजी-कोशिंबीर, मग डाळ-पोळी, भात शेवटी. जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायचं. एवढ्याने साखर कमी उसळते का, ते बघायचंय. भाग घेणाऱ्यांनी घरी रोज बोटाला सुई टोचून मीटरवर साखर मोजायची आणि खाल्लेलं सगळं वहीत लिहायचं. वह्या तपासायच्या मी. रक्त घ्यायचं सिंधू सिस्टरने. ती उलव्याकडच्या गावातली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. पेशंट खुर्चीत टेकायच्या आत तो काय खाऊन आलाय ते ती ओळखते. अशा जागी किस्से गोळा करावे लागत नाहीत, वही झटकली की पडतात. मी ते घरी सांगते. नवरा जेवता जेवता म्हणतो, "आता माझ्या ताटाकडे तशी बघू नकोस."

बघते. काय करणार!

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल हिनेही लपवली. साडेचार वर्षांपूर्वी इरा पोटात असताना मला साखर निघाली होती. बाळंतपणानंतर गेली. पण अशा बायकांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त, तेव्हा त्यांनी दरवर्षी तपासून घ्यावं, हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा म्हणते. छान म्हणते. स्वतः एकदाही तपासलेलं नाही.

*

कामोठ्याचे एक निवृत्त काका. वहीतलं अक्षर असं, की फ्रेम करून लावावं. मंगळवारी ते वही दाखवायला आले. मी पानं उलटत गेले, तर शुक्रवारच्या रात्रीपर्यंतचं जेवण लिहून तयार.

मी म्हटलं, "काका, शुक्रवार अजून यायचाय."

"मेथी आणून ठेवलीय," काका म्हणाले. "बदल होणार नाही."

मेथीचं मी मान्य केलं. पण गुरुवारच्या रकान्यात साखरेचा आकडाही होता.

*

काही जणांच्या दंडावर आम्ही नाण्याएवढा सेन्सर चिकटवतो. तो चौदा दिवस साखर टिपत राहतो आणि तिचा आलेख काढतो. सेन्सरला मेथी आणून ठेवल्याचं सांगता येत नाही.

एका ताईंच्या आलेखात रोज दुपारी चारला एक टेकडी. वहीत चारच्या रकान्यात रोज रेघ. मी फोन केला, आवाज शक्य तितका मवाळ ठेवून. ताई पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतात, असं निघालं.

"पण मी खाल्लं नाही हो," त्या म्हणाल्या. "चव घेतली."

किती वेळा, विचारलं. प्रत्येक घाण्याला एकदा. रोज घाणे किती? यावर त्यांनी मिक्सर सुरू केला.

*

आमचा सगळ्यात शहाणा पेशंट म्हणजे एक दुकानदार. तीन महिने मीटरवर रोज सकाळी ब्याण्णव, चौऱ्याण्णव, नव्वद. दवाखान्यात तीन महिन्यांची सरासरी काढायची रक्ततपासणी केली, तर ती भलतीच चढी. मला वाटलं नमुने बदलले. मी बाटल्यांच्या चिठ्ठ्या दोनदा ताडून पाहिल्या, आणि तिसऱ्यांदा स्वतःवरच संशय घेतला.

सिंधूने काही तपासलं नाही. तिने त्यांचे दोन्ही हात उताणे केले. दहाही बोटं गुळगुळीत. मग शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचा हात धरला. बोटांवर टाचणीने नक्षी काढावी तसे ठिपके!

बायको अजिबात ओशाळली नाही. म्हणाली, "यांना सुईची भीती वाटते. आणि एकाच कुकरचं जेवतो ना आम्ही दोघं. साखर काय वेगळी येणार?"

*

डोंगराच्या कडेला एका वाडीवर आम्ही तपासणी शिबिर घेतलं. वीटभट्टीवर जाणारी एक बाई रांगेत होती. संमतीपत्र वाचून दाखवलं. ती मध्येच म्हणाली, "यो कागुद माझ्यासाठी हाय का तुमच्यासाठी?"

खरं उत्तर 'आमच्यासाठी' असं आहे. मी "दोघींसाठी" म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, ते मी वह्यांकडे बघते तसंच. अंगठा दिला नाही, बोट मात्र दिलं. साखर ठीक होती.

मग मी पाठ केलेलं सुरू केलं, की जेवताना आधी भाजी खायची, भात शेवटी.

"भात हाय," ती म्हणाली. "आधी काय खायाचं ते तुमी घेऊन या."

*

सगळ्यात जास्त संशय मला इराचा. लहान मुलांनाही मधुमेह होतो. पाणी फार पितात, सारखी शू लागते. हे शिकल्यापासून मी घरात तिचे पेले मोजते. बालवाडीच्या बाईंनाही हळूच मोजायला सांगितलं. त्यांनी निरोप धाडला, सकाळभरात तीन बाटल्या.

 अर्धी रजा टाकून तिला उचलून दवाखान्यात आणलं आणि आमच्या डॉक्टर मॅडमपुढे उभी केली. तपासलं. सगळं नीट. नंतर इराकडूनच कळलं, दोन बाटल्या ती वर्गातल्या कासवाच्या चित्राला पाजत होती. बाईंनी रिकाम्या बाटल्या तेवढ्या मोजल्या होत्या, भिंतीचा रंग निघालेला त्यांना नंतर दिसला.

मॅडम रिपोर्ट माझ्या हातात देत म्हणाल्या, "मुलीचं झालं. आता आईचं?"

"सोमवारी करते," मी म्हटलं.

कोणत्या, ते त्यांनी विचारलं नाही.

*

गेल्या महिन्यात नव्या मीटरांचं खोकं आलं. पेशंटना वाटण्याआधी सिंधू त्यातले दोनतीन चालवून बघते. सकाळचे साडेआठ, दवाखान्यात आम्ही दोघीच.

"बोट दे गं," ती म्हणाली.

मीटर तपासायचाय, मला नाही, असं स्वतःला समजावून मी बोट दिलं. इराच्या व्हॅनच्या धांदलीत मी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. उपाशीपोटी आकडा शंभरच्या आत यायला हवा, खाल्ल्यावर एकशे चाळीसपर्यंत चालतो. एकशे सव्वीस म्हणजे धोक्याची रेघ. हेही मीच लोकांना सांगते.

पहिल्या मीटरवर एकशे अडुसष्ट.

इराला जॅम लावून दिला होता, हात चिकट असतील. साबणाने धुऊन आले. दुसऱ्या मीटरवर एकशे एकाहत्तर. तिसऱ्यावर एकशे सहासष्ट.

मी रजिस्टर ओढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: तिन्ही मीटर सदोष, परत पाठवावेत. खाली सही केली.

सिंधूने ते वाचलं.  नव्या सुईने स्वतःचं बोट टोचलं आणि तेच तीन मीटर ओळीने लावले. एकशे बारा. एकशे पंधरा. एकशे दहा.

"बघ," मी म्हटलं. माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "तुझेही शंभरच्या वर आलेत. मीटरच चढे दाखवतायत."

सिंधूने कापसाचा बोळा बोटावर दाबून धरला.

"मी कुठं उपाशी हाय? घरून दोन भाकऱ्या खाऊन निघाले, वर गोड चहा. आनि मगाशी तुझ्या डब्यातला शिरा पन मीच संपवला."