पदवीताईची तिसरी पदवी

गुंतवणुकीचे सल्ले देणाऱ्या त्या कंपनीत सगळे तिला ‘पदवीताई’च म्हणायचे. वाणिज्याची पदव्युत्तर पदवी झाली होती, व्यवस्थापनाची झाली होती, आणि आता स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडून ती अर्थशास्त्राला प्रवेश घेत होती.

“तीन पदव्या असल्या की कुणाची नावं ठेवायची बिशाद नाही,” ती म्हणाली.

थोरली बहीण मटार सोलत होती. “पहिल्या पदवीच्या वेळी साहेबांनी तुला ग्राहकांशी बोलायला सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी विभाग सांभाळायला. आता काय सांगितलंय?”

पदवीताईने उगाचच चष्मा पुसायला घेतला. “शाखा सांभाळायला,” ती पुटपुटली.

“बघ! परीक्षेला बसायला तू एका पायावर तयार. माणसांसमोर बसायचं म्हटलं की मात्र लगेच कॉलेज आठवतं!”

पदवीताई आधी फुरंगटली, मग तिचं तिलाच हसू फुटलं. तिने लॅपटॉप मिटला आणि साहेबांना फोन लावला. “साहेब, शाखा मी घेते.”

“अरेच्चा!” साहेब म्हणाले. “मी तर कालच तुमच्या अभ्यासाच्या रजेवर सही करून ठेवली!”

रजा तिने अजून मागितलीही नव्हती.