डायनॅमोचं चाक आणि अण्णांचा हात

अण्णा माणसाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या सायकलचं पुढचं चाक उचलून फिरवायचे. नवी पेठेच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं, एवढीच जागा. आपण "नमस्कार अण्णा" म्हणावं तर त्यांचं लक्षच नाही. चाक फिरतंय आणि हे मान तिरकी करून ऐकतायत. चाक थांबलं की मग वर बघायचे आणि म्हणायचे, "हं, आता बोला बाई. चाकानं सगळं सांगितलंय, तुमचं काय येगळं हाय?" सुरुवातीला मला याचा असा राग यायचा! मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई. चाळीस पोरं रोज माझं मुकाट ऐकतात, आणि हा गृहस्थ माझ्या चाकाशी बोलतो.

घराणं विणकरांचं. घरात तेलुगू, दुकानात मराठी, आणि गिऱ्हाईक तसं असेल तर दखनीसुद्धा. वडिलांचे माग गेले आणि अण्णा सायकलींकडे वळले, पण हातातलं सूत काही सुटलं नाही. दुकानात टेप नव्हता. माप घ्यायचं ते सुती दोऱ्यानं, आणि माप पक्कं झालं की दोऱ्याला गाठ. भिंतीवरच्या खिळ्यांना असे पन्नासेक दोरे लोंबत असायचे. कुठला दोरा कुणाच्या सीटचा, कुठला कुणाच्या हँडलचा, हे फक्त त्यांनाच ठाऊक. एकदा मी म्हटलं, "अहो, बाजारात टेप मिळतो." तर म्हणाले, "त्यावरचे आकडे वाचायला चष्मा लागतो. गाठ अंधारात पण हाताला लागती की." आपल्या हाताचा त्यांना फार भरवसा. बोटांनी बेरिंग चाचपून आतले छर्रे झिजलेत की नाहीत ते सांगायचे, आणि मी तरी त्यांना चुकलेलं पाहिलं नव्हतं.

माझी शाळा होटगीच्या अलीकडे एका वस्तीवर. सायकलनं तासभर लागतो. "या वयात सायकल कशाला?" हा प्रश्न मला नवऱ्यापासून केंद्रप्रमुखांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय, अण्णांनी मात्र कधी विचारला नाही. एरवी काही अडत नाही, पण शनिवारची शाळा सकाळची. थंडीत घरातून निघावं तर मिट्ट काळोख, आणि कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या. अशाच एका शनिवारी माझा चार्जिंगचा दिवा मधेच डोळे मिटून बसला. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला मी दिसलेच नाही. सायकलसकट गेले रस्त्याकडेच्या चारीत! खरचटण्यावर निभावलं, पण दिवसभर फळ्यावर अक्षर वाकडंच येत होतं.

अण्णांना सांगितलं तर त्यांनी आधी चारीत पडलेल्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला आणि मग मला झाडलं. "चार्जिंगचा दिवा तुमच्यासाठी न्हाय बाई. तुमी हप्त्यातनं दोनदा डबा इसरता, चार्जिंग काय ध्यानात ठेवणार?" मग टायरला घासून चालणारा जुना डायनॅमो काढून दाखवला आणि स्वतःच बाजूला ठेवला. "ह्यो टायर खातो आन् चिखलात सटकतो." तेव्हा मी मोबाइलवर पाहिलेलं सांगितलं. चाकाच्या मधल्या हबमध्येच डायनॅमो असतो, चाक फिरलं की दिवा लागतो. घासणं नाही आणि चार्जिंगही नाही. अण्णांनी तसला हब जन्मात पाहिला नव्हता. पण तसं कबूल करतील तर ते अण्णा कसले!

पुढच्या चार संध्याकाळी आमची ती निवड चालली. मी मोबाइलवर एकेक हब दाखवायची आणि अण्णा फोटो बोटांनी मोठा करकरून नाकारायचे. एक डिस्क ब्रेकचा निघाला, एक फार रुंद. "तारांची भोकं बत्तीस पायजेत. तुमच्या पुढच्या रिमला बत्तीस हायेत. छत्तीसचा मागवला तर गळ्यात बांधून फिरा." पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची रुंदी दोऱ्यावर घेऊन, गाठ मारून तो दोरा त्यांनी माझ्या हातात दिला. मी कंटाळून म्हटलं, "अण्णा, कुठलातरी घेऊ या हो." तर एकदम गंभीर झाले. "घाई करू नका. ह्याच्यावर तुमचा जीव चालणार हाय." माझ्या जिवाची एवढी काळजी घरातसुद्धा कुणी बोलून दाखवली नव्हती.

हब आला. खोक्यात घडी घातलेला एक इंग्रजी कागद होता, तो मी घरी वाचला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की आत लोहचुंबक असल्यामुळे चाक हातानं फिरवलं तर अडकत-अडकत फिरल्यासारखं लागेल. तो बेरिंगचा दोष नव्हे, हब उघडू नये. दुसऱ्या दिवशी मला प्रशिक्षणाला जायची घाई. खोकं अण्णांच्या हातात कोंबलं आणि पळाले. कागद राहिला माझ्या पर्समध्ये.

अण्णांनी दोन दिवस खपून चाक विणलं. तारा ते विणायचेच, बसवायचे नाहीत. मग सवयीप्रमाणे उचलून फिरवलं, तर चाक अडकतंय. त्यांनी काय समजायचं? बेरिंग खराब. बाईंच्या जिवाचा प्रश्न. त्यांनी हब उघडला, छर्रे बदलून ग्रीस भरायला. आत केसासारखी बारीक तार होती, ती तुटली. मी गेले तेव्हा हात मांडीवर ठेवून बसले होते. "माझ्या हातानं गेला बाई," म्हणाले.

त्याच वेळी पर्समधला कागद काढून सांगायचं होतं. पण "प्रश्न नीट वाचा" म्हणून पोरांवर रोज ओरडणारी मी, मलाच लाज वाटली. मी ठोकून दिलं, "तुमचं काही चुकलं नाही अण्णा, कंपनीचाच माल खराब होता. बदलून मिळेल." वर मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली, की बघा, म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं.

दुसरा हब आला. अण्णांनी पुन्हा चाक विणलं, पुन्हा फिरवलं. मान तिरकी केली. मग डोळे मिटून अगदी हळू फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. "तुमी बघा जरा. काय अडकतंय का?"

चाक माझ्या हाताला चांगलं अडकत होतं. पण खरं सांगितलं तर आधीचं खोटं उघडं पडतंय! मी म्हटलं, "नाही अण्णा, छान फिरतंय की."

त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं. चाक सायकलला बसवलं, दिव्याची वायर जोडली. मी बोळात एक फेरी मारली, लख्ख उजेड पडला. मी आनंदानं परत आले तर ते हत्यारं पुसत होते. "दोन्ही खराब कशी निघतील," म्हणाले. "आता हाताला कळंना झालंय." मी ते हसण्यावारी नेलं. महिन्याभरात दुकान बंद झालं. पुण्याहून त्यांची मुलगी सुजाता येऊन त्यांना घेऊन गेली. ती कितीतरी वर्षं बोलावत होती आणि हे ऐकत नव्हते. जाताना भिंतीवरचा माझ्या सीटचा दोरा तेवढा काढून माझ्या हातात दिला, आणि मी मूर्खासारखी म्हटलं, "बरं झालं अण्णा, आता आराम करा."

त्यानंतर सहा महिने माझा दिवा झकास चालला. त्या उजेडात ट्रॅक्टरवाले बाजूला व्हायला लागले, आणि मला मात्र दर शनिवारी अपराधी वाटायला लागलं. मग एका रविवारी सहज फोन केला, तो सुजातानं उचलला. वडिलांना ती तेलुगूत नान्ना म्हणते. म्हणाली, "नान्ना बरे आहेत. पण सायकलला हात लावत नाहीत हो. माझ्या सायकलची चेन उतरली तर म्हणाले, दुकानात ने." मी म्हटलं, त्यांना फोन द्या.

आणि सगळं सांगितलं. कागद वाचला होता, सांगायचं राहिलं, मग खोटं बोलले, मग पुन्हा खोटं बोलले.  मला वाटलं, आता शिव्या.

"म्हंजे अडकत होतं?" अण्णांनी विचारलं.

"हो अण्णा. तसला प्रत्येक हब अडकतो. फक्त हाताला लागतं, चालवताना कळत नाही."

"दुसरा पण?"

"दुसरा पण. तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्याही हाताला लागत होतं."

 मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "लई वाईट केलं बाई तुमी. सहा महिने मी माझ्या हाताकडं बघत बसलोय."

मी माफी मागितली ती तरी त्यांना ऐकू गेली की नाही कोण जाणे, कारण तोवर त्यांनी "सुजाता, इला रा!" अशी, इकडे ये म्हणून, लेकीला हाक मारली होती आणि फोन बंद झाला होता. पुढचा आठवडाभर मला घास गोड लागला नाही.

शनिवारी मधल्या सुट्टीत सुजाताचा फोन आला. "बाई, नान्नांना काय सांगितलंत तुम्ही?" मी मनात म्हटलं, आता ऐकून घ्यायचं. "अहो, सकाळपासून खाली पार्किंगमध्ये बसलेत. सोसायटीतल्या सगळ्या सायकली उलट्या करून ठेवल्यात. वॉचमन तक्रार घेऊन वर आला होता, तर आता पहिला नंबर त्याच्याच सायकलचा लागलाय. नाश्त्याला हाका मारतेय तर वर येईनात. कोपरापर्यंत काळे झालेत नुसते!"

मी "बरं, बरं" म्हणत राहिले. पोरं व्हरांड्यात डबे खात बसली होती, आणि त्या सगळ्यांच्या देखत मला हुंदका आला.